हायमास्टखालचं शेंडेनक्षत्र

“अंधार कुनालाच नको, आन् चांदन्या मात्र समद्यांना पायजेत.”

कल्याण फोटोवाला हे दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या पोराची कॉलर नीट करताना म्हणायचा, टपरीवर चहाची बशी पालथी घालताना म्हणायचा आणि गावात कुठं नवा दिवा लागला की त्या दिव्याकडं पाठ करून, थुंकल्यासारखं म्हणायचा. ऐकणारे हसायचे. तो हसत नसे.

आमचं गाव पाथर्डीच्या वरच्या अंगाला, गर्भगिरीच्या डोंगराला टेकून बसलेलं. मावळतीला सगळा डोंगर आणि त्या डोंगरात एकच खिंड. दिवस बुडाला की खिंडीत थोडा वेळ तांबडं राहतं, मग राखी, मग निळं, मग काळं. म्हणजे पूर्वी राहायचं. आता काळं होतच नाही. निळं सरलं की एक पिवळट, ओकारीसारखा रंग वर चढतो आणि तिथंच बसून राहतो. तो नगर शहराचा उजेड, त्याच्या अलीकडं साखर कारखान्याचा, त्याच्याही अलीकडं हायवेवरच्या ढाब्यांचा. वर खडी क्रशरची धूळ आणि ऊस तोडल्यावर पेटवलेल्या पाचटाचा धूर. कल्याण म्हणायचा, आभाळाला कावीळ झाली आहे आणि कुणी वैद्याकडं न्यायला तयार नाही.

त्यानं खरं आभाळ पाहिलं होतं, म्हणून त्याला एवढी किळस यायची. ज्यानं पाहिलंच नाही त्याला काय कळणार?

त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बैलगाडीत भांडी, पांघरुणं, कोंबड्या आणि कल्याण असा संसार भरून श्रीरामपूरच्या बाजूला जायचं, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या घालायच्या आणि उन्हाळ्यापर्यंत तिथंच राहायचं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. पहाटे बाप गाडी जुंपायचा आणि कल्याणला उठवून पुढं बसवायचा. दंव पडलेलं, बैलांच्या नाकातून वाफा निघतायत, चाकांचा करकर आवाज सोडला तर जगात काही नाही. त्या पहाटे त्यानं उगवतीकडं पाहिलं, तर आभाळात कुणीतरी मूठभर पीठ ठेवून हलकेच फुंकर मारल्यासारखं काहीतरी होतं. फुंकर जिथपर्यंत गेली तिथपर्यंत पांढरं.

“आबा, त्ये काय हाय?”

“शेंडेनक्षत्र हाय. बघू नगं तिकडं. कासरा धर.”

त्यानं कासरा धरला आणि बघायचं सोडलं नाही. पुढं कित्येक दिवस तो रोज पहाटे आपण होऊन उठला. त्याला एकच वाटायचं, हे कुणाला तरी दाखवायला पाहिजे आणि आपल्या हातात काहीच नाही. बाप म्हणायचा ते नक्षत्र वाईट असतं. त्या साली वाईट काही झालं नाही. चांगलंही काही झालं नाही. ऊस तुटला, कारखान्यात गेला, एवढंच.

मोठा झाल्यावर कल्याण कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेला नाही. पाथर्डीत एका स्टुडिओत झाडलोट करत करत कॅमेरा शिकला, मग गावच्या चौकात स्वतःचं दुकान टाकलं. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं, दशक्रिया. माणसाच्या आयुष्यातलं जे काही चार लोकांत होतं ते सगळं त्यानं काढलं. कॅमेरा लग्नाचा होता, लांब भिंग लग्नाचंच होतं, पण दोन्हीची ओढ आभाळाकडं होती.

तसं ठळक शेंडेनक्षत्र मात्र त्याला परत मिळालं नाही. मधे एखादं आलं, तेव्हा नेमका परतीचा पाऊस बसला. बाकी आली ती सगळी बारकी, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी, नुसत्या डोळ्याला न दिसणारी. त्यांना धड नावंही नाहीत. ज्या यंत्रानं शोधलं त्या यंत्राचं नाव आणि पुढं आकडा. मोबाईलवर त्यांचा पत्ता मिळतो, आज अमक्या ताऱ्याच्या डाव्या अंगाला, उद्या थोडं खाली. कल्याण तो पत्ता काढायचा आणि पाव्हण्याच्या वाटेवर बसावं तसा त्यांच्या वाटेवर बसायचा.

त्याची रीत बघण्यासारखी होती. आभाळ फिरतं, म्हणून कॅमेराही फिरवावा लागतो, नाहीतर चांदण्यांच्या रेघा होतात. त्यासाठी विकतचं यंत्र मिळतं. कल्याणनं दोन फळ्या घेतल्या, दाराची बिजागरी लावून एकमेकींवर ठेवल्या, खालच्या फळीत लांब बोल्ट घातला आणि बिजागरी ध्रुवाकडं करून बसवली. घड्याळाच्या काट्याकडं बघत बोल्ट सावकाश फिरवायचा. वरची फळी केसाएवढी उघडत जाते आणि तिच्यावरचा कॅमेरा आभाळाबरोबर चालतो. भिंगावर दंव बसू नये म्हणून गरम वाळूची पुरचुंडी फडक्यात बांधून त्याला गुंडाळायची. असे कितीतरी फोटो काढून मग कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, पापड वाळल्यावर चळत लावतात तसे. एका फोटोत काहीच दिसत नाही. चळत लागली की हळूहळू एक धुरकट ठिपका उमटतो, भिंतीला चुन्याचं बोट पुसल्यासारखा.

तो ठिपका त्यानं फ्रेम करून दुकानात नवरा-नवरींच्या मधोमध लावला होता. येणारा प्रत्येकजण बोलायचाच.

“कल्याणमामा, ह्या फोटोवर पानी सांडलं का काय?”

“शेंडेनक्षत्र हाय त्ये.”

“मग शेंडा कुठंय?”

“जेवढा हाय तेवढा आलाय.”

“आवो मग लावायचा की जरासा. लग्नात न्हाई का तुमी काळी नवरी गोरी करीत!”

कल्याण तेवढ्यावर काउंटर पुसायला लागायचा. लग्नात तो करायचा तसं. पोटासाठी करायचा आणि केल्यावर त्याला कसनुसं व्हायचं. म्हणूनच त्या ठिपक्याला त्यानं बोट लावलं नव्हतं. त्याच्या सगळ्या दुकानात खरी म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

आणि मग आमच्या चौकात हायमास्ट आला.

आणला कानिफनाथनं. त्याची बायको सरपंच. सही बाईंची, आवाज ह्याचा. ह्याला जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं आणि त्यासाठी काहीतरी उंच करून दाखवायचं होतं. निमित्त बिबट्याचं झालं. डोंगराच्या अंगाच्या वस्तीवरून त्यानं एक कालवड आणि दोन कुत्री नेली, लोक घाबरले आणि उजेड मागू लागले. मागणं खोटं नव्हतं. पण दिवा बसला तो डोंगराच्या अंगाला नाही, चौकात. जिथून सगळ्यांना दिसेल तिथं. उंच खांब, वर डोळे फोडणारे पांढरे दिवे, खाली ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’ अशी पाटी, आणि पाटी वाचता यावी म्हणून पाटीवर आणखी एक दिवा.

हिवाळ्यात आमचं अर्धं गाव कोयत्याला गेलेलं असतं. दारांना कुलपं, ओट्यांवर पाचोळा, गोठे रिकामे. त्या कुलपांवर हा दिवा रात्रभर जळायचा. एकेक कुलूप लखलखायचं. माणूस नाही, जनावर नाही, नुसता उजेड सांडतोय, फुटलेल्या नळासारखा. कल्याण त्याच्याकडं बघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी किळस असायची ती मी दुसऱ्या कशाकडं बघताना पाहिली नाही.

त्या हिवाळ्यात एक शेंडेनक्षत्र मावळतीला आलं होतं, दिवस बुडाल्यावर खिंडीच्या बरोबर वर. पहिल्यांदा कल्याणला सापडलं तेव्हा दोन कासरे उंच होतं. मग रोज थोडं थोडं खाली, सूर्याच्या मागोमाग. बारकंच होतं, पण मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे फोटो होते, त्यांत त्याला शेपटी दिसत होती. बोटभर, पण खरी. कल्याणच्या सगळ्या ठिपक्यांत आजवर एकालाही शेपटी आली नव्हती. त्याला ती पाहिजे होती. आयुष्यात एकदा, रंग न लावता, आपल्या गावच्या खिंडीवर.

पण खिंड दिसते ती शाळेच्या मैदानावरून आणि मैदानाला लागूनच चौक. गावाच्या उगवतीला जावं तर मधे हायमास्ट येतो. मावळतीला जावं तर डोंगराचं पोट, जिथं बिबट्याच्या भीतीनं दिवस बुडाल्यावर जाऊ नये अशी वनखात्याची पाटी आहे. आणि त्याच्या बायकोनं, सुरेखानं, तिकडं जाणार नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. तेव्हा तो मैदानाच्या कोपऱ्यात फळ्या मांडायचा, हायमास्टच्या बाजूला काळी छत्री उघडून तिला दगडानं टेकवायचा आणि छत्रीच्या सावलीत कॅमेरा ठेवायचा. काढलेला प्रत्येक फोटो दुधात बुडवून काढल्यासारखा पांढरा यायचा.

पंचायतीचा वायरमन गोरक्षनाथ त्याचा दोस्त. एका संध्याकाळी त्यानं गुपचूप फ्यूज काढला. थोड्या वेळात बिबट्याच्या भीतीनं लोक काठ्या घेऊन बाहेर आले. दुसऱ्या दिवशी हायमास्टच्या पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली कानिफनाथच्या खिशात गेली.

चौथ्या दिवशी सकाळी कल्याण स्वतः कानिफनाथच्या संपर्क कार्यालयात गेला. तिथं चार-पाचजण चहा पीत होते.

“शेठ, सांजचा एक तास दिवा बंद पायजे.”

“का तात्या? कुनाचं घर फोडायचंय?”

सगळे हसले. कल्याण उभाच होता.

“खिंडीवर शेंडेनक्षत्र हाय. खाली चाललंय. आज-उद्या हाय, मंग दिसायचं न्हाई. मला त्याचा एक नीट फोटो पायजे.”

“आन् मिळतं काय त्याचं?”

“काय न्हाई.”

“मग मरंना का तिकडं. परत आल्यावर काढ.”

“परत येनार न्हाई, शेठ. तुमच्या-माझ्या जल्मात न्हाई, आन् लेकरांच्या लेकरांच्या बी न्हाई.”

कानिफनाथनं चहाचा कप खाली ठेवला. ‘परत येणार नाही’ हे त्याच्या डोक्यात कुठंतरी बसलं. तो बराच वेळ कल्याणकडं बघत राहिला, जसा व्यापारी बैलाकडं बघतो.

“आख्ख्या तालुक्यात कुनी दावलं का हे लोकांना?”

“दावन्यासारखं न्हाई त्ये. नुसत्या डोळ्याला दिसत न्हाई.”

“त्ये मी बघतो. तात्या, आपन गावाला दावू. तुमचा सत्कार करू. आपल्या गावचा मानूस आभाळातलं हुडकतो, हे लोकांना कळू द्या की.”

“मला सत्कार नको, शेठ. अंधार पायजे.”

“अंधार देतो ना! बरोबर सातला मी सोता दिवा बंद करतो. पन तुमी स्टेजवर यायचं.”

“मग आजच करा. आज हवा मोकळी हाय.”

“आज अवस. अवसेला मी चांगलं काम काढीत न्हाई. उद्या.”

आमच्याकडं अवसेला विहीर खणत नाहीत, गाडी घेत नाहीत, पाव्हणा पाठवत नाहीत. शेंडेनक्षत्र बघायला मात्र तीच रात्र सगळ्यांत चांगली, चंद्र नसतो म्हणून. कल्याण हे सांगू शकला असता. त्यानं सांगितलं नाही. एक तास अंधार कबूल झाला होता, तो तुटू नये एवढंच त्याला वाटलं.

आणि अवसेची ती संध्याकाळ कशी होती! दुपारपासून डोंगरावरून वारं सुटलं, क्रशर बंद होता, धूर कुठल्या कुठं गेला. खिंडीतलं आभाळ घासूनपुसून ठेवलेल्या पितळी ताटासारखं निघालं. महिन्यातून एकदा मिळावी अशी संध्याकाळ. आणि चौकात दिवा जळत होता, पूर्ण, कुलपांवर. कल्याणनं त्या दिवशी फळ्या मांडल्याच नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसून नुसता खिंडीकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट काढला. सुरेखा भाकरी थापता थापता बघत होती.

“दाढी कुनासाठी केली? शेंडेनक्षत्रासाठी?”

“स्टेजवर जायचंय.”

“तुमाला शालीचा मोह झाला.”

“अगं, शालीला कोन पुसतंय? एक तास अंधार मिळतोय.”

“एक तासाचा अंधार द्यायला त्या मानसाला एवढा मांडव लागतो व्हय? कळ खाली करायची, झालं. तुमी त्याला वळखत न्हाई का?”

कल्याणनं शर्टाची बटणं लावली. आणि आरशात परत एकदा पाहिलं. मी हे सांगतो, कारण तो काही साधू नव्हता. त्या ठिपक्यांना इतकी वर्षं सगळे हसले होते. एकदा कुणीतरी टाळी वाजवावी असं त्यालाही वाटलं असेल.

दुपारी मैदानावर फ्लेक्स आला. आणला रविराजनं. रविराजचा पाथर्डीत फ्लेक्सचा आणि डीजेचा धंदा आहे. कॅमेरा धरायला तो कल्याणकडंच शिकला होता. मावळतीच्या बाजूला बांबू रोवून त्यानं तो फ्लेक्स ताणून बांधला आणि त्याच्यापुढं स्टेज घातलं.

फ्लेक्स दोन मजले उंच होता. मधोमध कानिफनाथ, हात जोडलेला. त्याच्या डोक्याजवळ एक आगीचा गोळा आणि गोळ्यामागं फ्लेक्सच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी-निळी शेपटी, लग्नातल्या घोड्याच्या झुलीसारखी चमचमणारी. वर लिहिलेलं, ‘अंधारमुक्त गाव अभियान’. खाली कोपऱ्यात, वाटोळ्या चौकटीत, कल्याण. डोक्याला फेटा. कल्याणनं जन्मात फेटा बांधला नव्हता.

“त्ये काय हाय, रविराज?”

“तुमचाच धूमकेतू, मामा.”

“माझा न्हाई. मी दिलेला फोटो कुठंय?”

“आवो, त्यात काय दिसत हुतं? कपाशीचं बोंड! शेठ म्हनले शेपटी लाव. नेटवरनं घेतली.”

“आन् हा फेटा?”

“त्यो बी नेटवरचाच. शोभतोय की!”

कल्याणनं फ्लेक्सला हात लावून पाहिला. नवीन प्लास्टिकचा, रंगाचा तो आंबूस वास. मग तो शाळेच्या नळावर गेला आणि हात धुतले. साबण नव्हता, तर मातीनं घासून धुतले. गोरक्षनाथ तिथं उभा होता.

“घरी जा कल्याण. कशाला बसतो असल्यात?”

“सातला दिवा बंद हुनार हाय, गोरखा. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय.”

त्यानं फळ्या फ्लेक्सच्या मागं, मैदानाच्या टोकाला मांडल्या. कॅमेरा बसवला, वाळूची पुरचुंडी गुंडाळली, सगळ्यावर गोणपाट टाकलं. सत्कार झाला, दिवा बंद झाला की स्टेजच्या मागून उतरायचं आणि लगेच बोल्ट फिरवायला लागायचं, असा त्याचा हिशेब.

सहाला सुरू व्हायचा कार्यक्रम, पण पाहुणे आले नव्हते. आमच्याकडं पाहुणे वेळेवर आले तर लोक त्यांना पाहुणे मानत नाहीत. आजूबाजूच्या वाड्यांवरून टेम्पो भरून माणसं आणली होती. म्हातारी माणसं पुढं सतरंजीवर, पोरं मागं. कल्याणला स्टेजवर कापड घातलेल्या सोफ्यावर बसवलं होतं. दिवस बुडाला. आता त्याच्या पाठीमागं फ्लेक्स होता, आणि फ्लेक्सच्या पाठीमागं खिंड. सगळं गाव मावळतीकडं तोंड करून बसलं होतं आणि कुणालाही मावळत दिसत नव्हती. कल्याण सारखा मान वळवायचा. मागं त्याला नुसतं कापड दिसायचं आणि कापडावर कानिफनाथचं ढोपर.

सात वाजून गेले. आता ते शेंडेनक्षत्र खिंडीच्या तोंडावर आलं असणार, हे त्याला बघितल्याशिवाय कळत होतं. गाईला वासराची वेळ कळते तसं. आजचा दिवस सरला की ते सूर्याच्या उजेडात बुडणार होतं. उद्या नाही, परवा नाही.

तो कानिफनाथच्या कानाशी वाकला. “शेठ, दिवा.”

“पाव्हनं येऊ द्या.”

“त्ये मावळतंय.”

“आता सत्काराला कितीसा येळ लागतोय तात्या. बसा.”

सव्वासातला पाहुणे आले. हार झाले, प्रास्ताविक झालं, पाहुण्यांनी गाव अंधारातून उजेडात कसं आलं ते सांगितलं. मग कानिफनाथ माईकजवळ गेला.

“आता मी ह्यो हायमास्ट बंद करनार! गावाच्या इतिहासात पयल्यांदा! समद्यांनी माझ्याबरोबर आकडे म्हना. धा! नऊ! आठ!”

लोक ओरडले. गोरक्षनाथनं त्याच्याकडची किल्ली घेऊन पेटी उघडली आणि कळ खाली केली. हायमास्ट विझला.

एका श्वासाएवढा अंधार झाला. खरा, थंडगार. मी वर पाहिलं, तर माझ्या गावावर चांदण्या होत्या. कल्याण सोफ्यावरून अर्धा उठला होता आणि त्याचा चेहरा, जेवढा दिसला तेवढा, लहान मुलासारखा झाला होता.

आणि तेवढ्यात स्टेजच्या दोन्ही बाजूंनी रविराजच्या शार्प्या पेटल्या. शार्पी म्हणजे डीजेच्या गाडीवरचा तो दिवा, ज्याचा उजेडाचा दांडका सरळ ढगाला जाऊन टेकतो. एक दांडका फ्लेक्सवरून खिंडीकडं गेला, दुसरा त्याला जाऊन भिडला. सतरंजीवरची धूळ, पाचटाचा धूर, लोकांच्या तोंडची वाफ, सगळं त्यात पांढरं पेटलं. डीजेवर शंख वाजला.

“बघा!” कानिफनाथ ओरडला. “त्या उजेडाच्या टोकाला बघा! तिथं हाय आपला धूमकेतू!”

“दिसला! त्यो बघ शेंडा!”

“केवढा लांब हाय रं!”

सगळ्यांचे मोबाईल वर झाले. एकेकाच्या मोबाईलचा दिवाही पेटला. पुढं सतरंजीवर मालनबाई बसल्या होत्या, कल्याणच्या आईच्या मैत्रीण, ऊसतोडीच्या तळावर शेजारच्या कोपीत राहिलेल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडून त्या शार्पीच्या उजेडाला नमस्कार केला.

कल्याण स्टेजवरून खाली उतरून त्यांच्यापुढं बसला.

“मावशे, त्ये न्हाई. त्यो डीजेचा दिवा हाय.”

“व्हय?” त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं. “आसू दे रं बाबा. दिसलं ना काय तरी. चांगलं दिसतंय.”

त्या गोड हसल्या. त्यांचा काही दोष नव्हता. पण कल्याणच्या तोंडावर त्या वेळी जे आलं ते मला नीट सांगता येत नाही. जेवणात झुरळ निघाल्यावर माणूस ताट लोटतो, तेव्हा त्याला झुरळाचा राग नसतो. आतापर्यंत आपण जे खाल्लं त्याची शिसारी येते. तसं काहीतरी. तो उठला. अंगावरचा हार काढला आणि स्टेजच्या कडेला ठेवला, फेकला नाही. आणि फ्लेक्सच्या बाजूनं मागं गेला.

“तात्या! आवो तात्या, शाल ऱ्हायली!” माईकवरून कानिफनाथ. लोक हसले.

मी त्याच्या मागं गेलो. फ्लेक्सची मागली बाजू कोरी पांढरी, दोऱ्या आणि बांबू. त्याच्यामागं सुरेखा उभी होती. ती पहिल्यापासून तिथंच होती, फळ्यांजवळ राखण करत. कल्याणनं गोणपाट काढलं आणि भिंगातून एकदा पाहिलं. वर शार्पीचे दांडके डोलत होते, खिंडीवरचं सगळं आभाळ दुधाळ झालं होतं. त्यानं कॅमेरा उतरवून गळ्यात अडकवला आणि फळ्या मिटून खांद्यावर घेतल्या.

“कुठं निघाला?” सुरेखा म्हणाली.

“खिंडीत. खिंडीपलीकडं हा उजेड पोचत न्हाई, आन् आभाळ बी पार खालपातूर दिसतं. थोडा येळ हाय आजून.”

“तुमी मला सांगितलं हुतं, तिकडं जानार न्हाई.”

“व्हय. सांगितलं हुतं.”

“बिबट्या हाय तिकडं.”

“हाय. पन त्यो टाळ्या तरी वाजवत न्हाई.”

तिनं त्याचा हात धरला. मग सोडला. कमरेला खोचलेली बॅटरी काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं नको म्हणून मान हलवली. मग गोरक्षनाथ कुठूनसा आला, हातात काठी घेऊन, आणि ती काठी मात्र कल्याणनं घेतली.

तो पायवाटेला लागला. स्टेजवरून रविराजला काय सुचलं कोण जाणे, त्यानं एक शार्पी खाली वळवली आणि उजेडाचा तो दांडका कल्याणच्या पाठीवर टाकला. फ्लेक्सच्या बाजूनं माना काढून लोक बघू लागले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. कल्याणची सावली त्याच्यापुढं पार डोंगरापर्यंत पडली. तो थांबला नाही, वळला नाही. बांध ओलांडला, तूर ओलांडली. मग डीजेवर गाणं लागलं, रविराजनं दिवा परत आभाळात घातला आणि लोक परत स्टेजकडं वळले.

नंतर बघत राहिलो ते आम्ही तिघं. गोरक्षनाथ थोड्या वेळानं खाली बसला. मला त्या उजेडानं डोळ्यांपुढं काळे डाग आले होते, काही दिसत नव्हतं. सुरेखानं डोळ्यांवर आडवा हात धरला होता. तिला दिसत होता. ओढ्याच्या पलीकडं, खिंडीच्या चढाला, खांद्यावरच्या फळ्यांसकट तो तिला दिसत होता आणि ती तिकडंच बघत होती.